अर्ध्या जहाजातून अख्खं जहाज

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एसेक्स नावाचं छोटं गाव आहे. लाकडी स्कूनर बांधण्यात एकेकाळी त्याचा हात धरणारी गावं थोडीच होती. स्कूनर म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांचं, लांबीला धरून शिडं लावलेलं जहाज. ही शिडं बहुतेक डेकवरूनच हाताळता येत, म्हणून खलाशीही कमी लागत.

ही स्कूनर आधी कागदावर नव्हे, काखेत मारून नेता येईल एवढ्या लाकडात जन्मायची. पाइनच्या फळ्या एकावर एक रचून, खुंट्यांनी जखडून कारागीर जहाजाची एकच बाजू कोरायचा. दोन्ही बाजू सारख्याच, मग अर्धी पुरे! बोटं फिरवत, डोळ्यांनी जोखत नाळेचा बाक मनासारखा उतरला की फळ्या सुट्या करायच्या आणि प्रत्येकीची कड खऱ्या मापात जमिनीवर आखायची. त्या रेघांवरून ओकच्या फासळ्या कापल्या जात. हे कसब शिल्पकलेच्या पंगतीतलंच.

१९२१ मध्ये कॅनडातल्या लुनेनबर्गला पाण्यात उतरलेली ‘ब्लूनोज’ ही स्कूनर मात्र विल्यम रूए यांनी कागदावर आखली होती. मासेमारी करता करता तिने शर्यती मारल्या, १९३७ पासून ती दहा सेंटच्या नाण्यावर झळकली. १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकांवर ती फुटली. तिच्या लाकडी प्रतिकृती हौशी कारागीर आजही घरोघरी घडवतात.