शाळेची वाडी

१९७८ साली मी चौथीत होतो. भाईंदर स्टेशनाकडून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं एकापाठोपाठ एक लागतात. त्याच पट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पडीक जागा. एका अंगाला खाजणातली भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं.

त्या जूनमध्ये बदलून आलेले गुरुजी घाटावरचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "काल रात्री काय जेवलास?" उत्तरं सगळी एकाच वळणाची. भात आणि सुके बोंबील, भात आणि निवट्या, भात आणि नुसतं कालवण. "आणि भाजी?" असं विचारल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "भाजी गनपतीला, गुरुजी!" वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, "मग उद्या येताना घरून टिकाव आणा."

मागची जमीन खारी. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा पापुद्रा धरायचा. पावसाने खार धुऊन नेला तेव्हा आम्ही वाफे केले. शेताच्या बांधावरची माती घमेल्यांनी आणली, घरोघरचं शेणखत आणलं. शिराळी, पडवळ, काकडी यांचा मांडव झाला, खाली भेंडी लागली. दिवाळीनंतर मुळा आणि लाल माठ. भात कापल्यावर ओलीवर वाल टाकायचे हे मात्र गुरुजींना आम्ही शिकवलं. गावात आम्ही तिला शाळेची वाडी म्हणायचो.

शाळेत चूल नव्हती. म्हणून निघालेली भाजी पाळीपाळीने मुलांच्या घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी ती कशी झाली होती ते वर्गात उभं राहून सांगायचं. माझ्या वाट्याला दोन शिराळी आली. शिराळं मला अजिबात आवडत नसे. पण हे मी आळं करून, पाणी घालून वाढवलेलं. आईने त्यात मूठभर सुका जवळा टाकला आणि मी ताटातलं सगळं पुसून खाल्लं. गुरुजी शाकाहारी होते. जवळ्याचं सांगताना मी अडखळलो. ते म्हणाले, "शिराळं पोटात गेलं ना? मग झालं."

तेव्हा वाटायचं, ही वाडी गुरुजींच्या डोक्यातून निघाली. तिचं मूळ बरंच मागे आहे हे पुढे वाचताना कळलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम आकाराला आली. सूतकताईबरोबर त्यात शेती आणि बागकामही होतं. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली मुलं भाजी पिकवत, रांधत आणि तिचा हिशोबही ठेवत. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या वेळापत्रकातला 'कार्यानुभव' हा शब्द तिथून आलेला. बहुतेक शाळांत त्या तासाला कागदी फुलं होत. आमच्याकडे खरी शिराळी झाली, एवढाच फरक.

एप्रिलअखेर परीक्षा संपली. वाडीत लाल माठ होता, कढीपत्ता होता, पपईची चार रोपं होती आणि कोपऱ्यात शेवगा. गुरुजी सुट्टीत गावी निघाले. त्यांना निरोप द्यायला आलेली माझी आजी वाडीकडे बघून म्हणाली, "समदं बरं हाय, पन मे मैन्यान पानी कोन घालील?"

मी म्हणालो, "मी घालीन."

आजीच्या विचारण्यात तिचं आख्खं आयुष्य होतं. मिठाचा हंगाम उन्हाळ्याचा. पावसाच्या आधी मीठ ओढून रास लावायची, म्हणून मे महिन्यात घरटी सगळे हात आगरावर. शाळेला सुट्टी आणि गावाला सगळ्यात जास्त काम, ही दोन्ही एकाच महिन्यात. गोड्या पाण्याची विहीर शाळेपासून लांब होती. जवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते हे मला चांगलं ठाऊक होतं. आठ दिवस मी लांबून कळशा आणल्या. नवव्या दिवशी बापाबरोबर आगरावर गेलो, संध्याकाळी दमून आलो आणि जवळच्या विहिरीचं पाणी शेंदून ओतलं. एवढ्याने काय होतंय, म्हटलं. मग रोजच तसं. आधी माठाच्या पानांच्या कडा करपल्या, मग पपया माना टाकून बसल्या. शेवगा तेवढा वाचला. जूनमध्ये गुरुजी आले, वाफ्यातली माती बोटाने जिभेवर ठेवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. त्याच वर्षी त्यांची बदली झाली. नंतरच्यांनी वाडी केली नाही.

बरीच वर्षं मी हा दोष एकट्या माझ्या आळसाचा मानला. मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी वाचलं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला गेलं. आज ही गावं पालघरमध्ये येतात, तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. तिथल्या आदिवासी मुलांना गुरं चारायला जावं लागे, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. पोराच्या घरी कुठल्या वेळी कुठलं काम असतं, हे आधी पाहून मग शाळा बसवली. आमच्या वाडीचा मे महिना मात्र कुणीच बसवला नव्हता. तो एका दहा वर्षांच्या पोराच्या शब्दावर सोडला होता.

अशा बागा मरतात त्या बहुधा अशाच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने शाळकरी मुलांची बागसेना उभी केली. युद्ध संपलं आणि थोड्याच काळात तीही संपली. लावणीच्या दिवशी सगळे असतात. प्रश्न असतो तो नंतरच्या दिवसांचा.

आमच्याकडे मधल्या काळात जमीनच गेली. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती पाच लाख वीस हजार होती, २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार. वाल टाकायच्या जागी इमारती आल्या.

सरकारी पोषण आहार आला तो १५ ऑगस्ट १९९५ ला. आधी महिन्याला तीन किलो धान्य मिळे, तेही हजेरी भरली तर. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने शाळांच्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर गच्चीवर, डब्यांत, पिंपांत लावा असं त्यांत सांगितलंय. म्हणजे गुरुजींची वाडी परत आली.

पण हिशोब मांडून बघा. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला पन्नास ग्रॅम भाजी ठरलेली आहे. दोनशे मुलांना दहा किलो झाली. बादल्यांतली बाग ती कुठून देणार? शिवाय शहरात बऱ्याच शाळांना खिचडी मोठ्या स्वयंपाकघरातून टेम्पोने येते. शाळेत चूलच नाही, तर मुलांनी खुडलेला माठ टाकायचा कशात? बागेने पोट भरत नाही, ती जीभ तयार करते. त्यासाठी मुलाने लावलेलं त्याच्याच ताटात यायला हवं, मग ते घरच्या ताटात का असेना, मूठभर जवळा घालून का असेना.

मागच्या वर्षी जवळच्या एका शाळेत गेलो होतो. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मेथी, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांत पडवळाचे वेल. एक पोरगी मला म्हणाली, "काका, हा साप आमचा आहे." तिच्या घरी भोजपुरी बोलतात. पडवळ तिच्या घरात पहिल्यांदा शिजलं ते शाळेतून गेलं म्हणून. कसं केलं होतं ते तिने मला बारीकसारीक सांगितलं.

निघताना बाईंना विचारलं, "मे महिन्यात पाणी कोण घालतं?" त्या जरा थांबल्या. "शिपाईकाका असले तर घालतात," म्हणाल्या.

मग आम्ही खुर्च्या ओढून बसलो आणि वहीच्या एका पानावर मे महिन्याचे चार आठवडे लिहिले. प्रत्येक आठवड्यापुढे दोन घरं. पोरगी आईला विचारून आली आणि तिने पहिला आठवडा घेतला. दुसऱ्यापुढे मी माझं नाव लिहिलं. शाळेचा नळ फाटकाजवळच आहे. तरी आधी ओंजळीत धरून मी पाणी चाखून बघितलं. गोडं होतं.