जयपूरची गादी आणि बीजकोषातील शिल्लक

जयपूरच्या कछवाह घराण्यात 1833 साली सवाई रामसिंहांचा जन्म झाला. त्यानंतर गादीवर असलेल्या राजाला औरस पुत्र झाला, तो थेट 1931 साली. मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांत दोन वेळा ईसरदा ठिकाण्यातून मुलगा आणून गादी चालवावी लागली. 1880 मध्ये कायमसिंह आले, ते माधोसिंह झाले. 1921 मध्ये मोरमुकुटसिंह आले, ते मानसिंह झाले. महाराष्ट्राला दत्तकाची ही वाट किती निसरडी होती हे ठाऊक आहे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1848 मध्ये मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही. झाशी आणि नागपूर यांचीही पुढे तीच गत झाली. जयपूर वाचले, कारण सत्तावन्नच्या उठावाने शहाणे होऊन कॅनिंगने 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

राजाच्या सनदेचा कागद जपून ठेवला गेला; राण्यांनी सोसलेल्याची नोंद कोण ठेवणार? माधोसिंहांना पासवानांपासून संतती होती, म्हणजे प्रश्न केवळ देहाचा नव्हता, औरसपणाच्या नियमाचाही होता. पण जनरीत एवढा विचार करीत नाही. ‘वांझ’ हा शब्द लोकव्यवहारात बाईलाच चिकटला आणि राजवाड्यापासून झोपडीपर्यंत नवस, उपास आणि सवत हेच त्यावरचे उपाय ठरले. उणे कोणाच्या देहात आहे, हे पाहण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

साधन नव्हते तरी जिज्ञासा होती. डच वैद्य द ग्राफ याने 1672 मध्ये बीजकोषातील पुटिकांचे वर्णन केले. त्यांच्या आतले बीज मात्र फॉन बेअरला 1827 मध्ये दिसले. स्त्री जन्मतःच आपली सारी बीजे घेऊन येते, या मताला झुकरमनच्या 1951 च्या निबंधाने बळ मिळाले. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाख असतात, वयात येईतो तीन-चार लाख उरतात. त्यांतली जेमतेम चारपाचशे पक्व होतात आणि बाकीची निमूटपणे विरून जातात. ही ठेव फक्त खर्चाची आहे, भरण्याची नाही.

ठेव मोजायची कशी? उत्तर कारखान्यातून आले. ग्लासगोच्या इयन डोनल्डने पोलादातील भेगा शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र माणसाच्या पोटाकडे वळवले. पोटाच्या कर्करोगाने दगावणार असे ठरवलेल्या एका बाईच्या पोटात या ध्वनीने पाण्याने भरलेली गाठ दाखवली. ती बीजकोषाची निघाली, काढली गेली आणि बाई वाचली. हा निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या विद्येच्या पहिल्याच मोठ्या यशाचे ठिकाण बीजकोष होते, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. सत्तरीच्या दशकात पडद्यावर पुटिका दिसू लागल्या. ऐंशीच्या दशकात योनिमार्गातून तपासणारी शलाका आली आणि चित्र स्पष्ट झाले. त्याच दशकात, 6 ऑगस्ट 1986 रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी नळीत फलित झालेल्या बीजाचे मूल जन्मले.

आज पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दोन्ही बीजकोषांतील दोन ते दहा मिलिमीटरच्या पुटिका मोजतात. त्यांची बेरीज पाचसाताच्या खाली असेल तर ठेव आटत आली असे समजतात आणि रक्तातील एका संप्रेरकाची तपासणी त्याला जोडतात. औषधांना बीजकोष किती साद देईल, याचा अंदाज यातून बांधता येतो. बीज सकस आहे की नाही हे मात्र ही संख्या सांगत नाही. त्यासाठी वयच अधिक बोलके. संख्या कमी असूनही आपोआप दिवस गेलेल्या बायका आहेत. आणि निम्म्याच्या आसपास जोडप्यांत उणेपणाचा काही वाटा पुरुषाचा असतो, म्हणून नवऱ्याची तपासणी आधी किंवा बरोबर व्हावी लागते. गादीच्या त्या अठ्ठ्याण्णव वर्षांत ही कल्पनाच कोणाच्या मनात आली नसती.

या यंत्राची दुसरी बाजूही राजस्थानने आणि महाराष्ट्राने पाहिली आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राजस्थानात 888 आणि महाराष्ट्रात 894 मुली होत्या. 1994 च्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी आहे. म्हणून जयपुरात ज्या खोलीत आज एखाद्या बाईच्या पुटिका मोजल्या जातात, तिच्या दाराशी ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी लावावी लागते.