वंशावळीत आपलं नाव कुठं आहे?

सगळ्या मावश्या, काकू, वहिनी आणि लेकींनो, आज आपण वंशावळीबद्दल बोलणार आहोत. घरात लग्न ठरलं की सोयरीक बघताना आपण विचारतोच, "कुठल्या घराण्यातले? मूळ गाव कोणतं?" आणि 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं निजामकाळातल्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हापासून तर 'वंशावळ' हा शब्द आपल्या मराठवाड्यात चहाच्या टपरीपासून तहसीलपर्यंत सगळीकडं ऐकू येतो.

आपलं मूळ मोठ्या घराण्यात असावं, ही हौस फार जुनी आहे. तिच्यात आपलं लातूरही आहे. साधारण बाराशे वर्षांपूर्वी दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं त्यांच्याच कृष्ण राजाच्या काळातलं. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. पण अमोघवर्ष राजाच्या शिलालेखात तो स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवतो, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. राष्ट्रकूटांचं राज्य बुडाल्यावरही सौंदत्तीचे रट्ट राजे बेळगाव भागात राज्य करताना हीच पदवी लावत होते. राज्य कुठं आणि मूळ गाव कुठं! पण "आम्ही लातूरचे" म्हटल्यानं मान वाढत होता.

त्याच राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे. दंतिदुर्ग राजाची आई चालुक्य घराण्यातली राजकन्या होती, हे त्यात आवर्जून कोरलेलं आहे. आईचं माहेर मोठं होतं, म्हणून आईची नोंद झाली. माहेर साधं असतं, तर झाली असती का? हा प्रश्न मनात ठेवा, आपण पुन्हा त्याकडं येऊ.

पुढं 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हाही कुळाचा प्रश्न निघाला. काशीचे गागाभट्ट आले आणि भोसल्यांची वंशावळ मेवाडच्या सिसोदिया राजपुतांशी जोडून मांडली गेली. जिजाऊंचं माहेर सिंदखेडच्या जाधवांचं. ते घराणं देवगिरीच्या यादवांशी नातं सांगत असे. पण मैत्रिणींनो, स्वराज्य उभं राहिलं ते आधी, आणि वंशावळ मांडली गेली ती नंतर.

असं फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. तिकडं युरोपात इटली देशातही लोक आपले सरदार पूर्वज शोधत असतात. व्हेनिस शहरात 1506 पासून उमराव घरात जन्मलेल्या मुलांची नोंद सरकारी वहीत होऊ लागली. तिला पुढं 'सोन्याचं पुस्तक' म्हणू लागले. साध्या माणसांसाठी चर्चच्या वह्या होत्या. बाप्तिस्मा आणि लग्न लिहून ठेवा, असा आदेश 1563 मध्ये निघाला. आज इटलीत सरदारकीच्या पदव्यांना मान्यता नाही. 1948 च्या त्यांच्या संविधानानंच ती काढून घेतली. आपल्याकडंही हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या 1949 मध्ये गेल्या, आणि 1971 मध्ये राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले.

पण इटलीच्या वह्यांतली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. तिथं लग्न झालं तरी बाईचं नाव नोंदीत माहेरचंच राहतं. त्यामुळं नातवंडांना आजीचं घराणं, आजीच्या आजीचं घराणं शोधता येतं. आपल्याकडं काय होतं? लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येकींचं तर तांदळात बोटानं लिहून पाळण्यातलं नावही बदलतं. मग कागदावर ती बाई सापडायची कशी?

हे आम्ही आमच्या बचत गटातच करून बघितलं. एका बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मोठा कागद अंथरला आणि म्हटलं, चला, वंशावळ काढू. सासरची पाच-पाच पुरुषांची नावं सगळ्यांनी धडाधड सांगितली. मग विचारलं, आईच्या आईचं नाव? बऱ्याच जणींनी सांगितलं. आणि तिच्या आईचं? सगळा गट गप्प. एक मावशी म्हणाल्या, "तिला सगळे 'मोठी माय' म्हणायचे. नाव कोण घेतंय!"

ही नुसती हळहळायची गोष्ट नाही. आमच्याच एका मैत्रिणीचे वडील वारले. वारस नोंदीसाठी शपथपत्रावर वंशावळ दिली गेली, तिच्यात दोन भाऊ होते, ही नव्हती. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. "पोरींची नावं कुठं घालतात वंशावळीत?" एवढंच. हिनं शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढला. त्यावर वडिलांचं नाव होतं. तो जोडून फेरफारावर हरकत घेतली, आणि नाव लागलं. भाऊ काही दिवस बोलत नव्हता. ती त्याला म्हणाली, "दादा, रान तूच कस. पण बापाच्या लेकरांत माझं नाव पाहिजे." यंदा पंचमीला तो न्यायला आला होता.

कायदा आपल्या बाजूनं आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क 2005 च्या दुरुस्तीनं देशभर मिळाला. महाराष्ट्रानं तर त्याआधीच, 1994 मध्ये तसा कायदा केला होता, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आपल्या राज्यात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचं ठरलं आहे.

मग आपली वंशावळ आपण कशी काढायची? सुरुवात स्वतःपासून करा आणि एकेक पिढी मागं जा. आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कोण कुठल्या गावची, कुणाची लेक, कुणाला दिली, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग कागद बघा: शाळेचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, सातबारा, फेरफार, आणि आपल्या मराठवाड्यातलं जुनं खासरा पत्रक व सेतवार. जुने कागद मोडी किंवा उर्दूत असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्या. त्यावर फसली साल असेल तर त्यात 590 मिळवा. फसली 1340 म्हणजे साधारण 1930-31. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी लोक दारोदार फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगतात. आणि एक लक्षात ठेवा. ऐकलेलं वेगळं लिहा, कागदावर सापडलेलं वेगळं लिहा. मोठेपणासाठी नसलेलं नातं जोडू नका.

शोधता शोधता एखादीला पूर्वज देशमुख सापडेल, एखादीला सालगडी. दोघींचीही मान ताठच राहू द्या. दुष्काळात लेकरं जगवणारी मोठी माय कुठल्याही सरदारापेक्षा कमी नव्हती, फक्त तिचं नाव कुणी लिहिलं नाही.

तर येत्या बैठकीला गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. वर स्वतःचं नाव, खाली आईचं माहेरच्या नावासकट, तिच्याखाली आजीचं. जिथं नाव अडेल, तिथं जागा मोकळी सोडा आणि त्याच आठवड्यात गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जाऊन बसा. ती आहे तोवर विचारून घ्या.