शेतकऱ्याचा ‘ऱ्या’ आणि फॉर्ममागची स्क्रिप्ट

आजचा भाग फॉर्मचा. वेब पेजवर नाव, तालुका, आधार नंबर टाकून बटण दाबलं की खाली लाल अक्षरात ‘कृपया योग्य माहिती भरा’ येतं ना, ती ओळ दाखवणारी स्क्रिप्ट कुठून आली आणि आमच्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यापर्यंत येताना कुठे कुठे अडखळली, ते बघू.

सुरुवात १९९५ पासून. त्या वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी मे महिन्यात, तिकडे अमेरिकेत नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना लिहिला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. जमाना डायल-अपचा. भरलेला फॉर्म सर्व्हरकडे जाणार, आणि एक रकाना रिकामा राहिला एवढं कळायलाही थांबावं लागणार. मग ही तपासणी ब्राउझरमध्येच उरकून घ्यायची, हे या भाषेचं सुरुवातीचं मोठं काम.

पण अक्षर म्हणजे काय, हे तिला इंग्रजीतूनच शिकवलेलं. आजही जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमध्ये ‘अंक’ म्हटलं की फक्त इंग्रजी अंक. गटाच्या रकान्यात कुणी ‘१२’ लिहिलं आणि स्क्रिप्टने त्याचा आकडा करायला घेतला, तर उत्तर येतं ‘हा आकडाच नाही’. कोणत्याही लिपीतलं अक्षर ओळखायची सोय भाषेत आली ती थेट २०१८ मध्ये. तीही नुसती ‘अक्षर’ म्हणून वापरली तर ‘शिरूर’ नापास! कारण युनिकोडच्या हिशेबात त्यातली वेलांटी आणि उकार ही अक्षरं नाहीत, अक्षराला लागणाऱ्या खुणा आहेत. त्या खुणांना वेगळी परवानगी द्यावी लागते. आता सांगा, मराठीत बिनमात्रेचं नाव शोधायचं कुठून?

याहून भारी घोळ ‘शेतकऱ्या’तल्या ‘ऱ्या’चा. तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी ते एक होत नाहीत. एका यादीत आडनाव एका पद्धतीने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या पद्धतीने टाइप झालं की जुळणी फेल. माणूस तोच, सातबारा तोच.

म्हणून असा फॉर्म अडला की मी आधी ब्राउझरचा कन्सोल उघडतो. वर कुठेतरी एखादी एरर येऊन स्क्रिप्ट तिथेच थांबली असेल, तर खालच्या तपासणीला दोष देण्यात अर्थ नाही. मग रकान्यात दिसतंय ते सोडून, आत खरंच कोणकोणते कोड आहेत ते एकेक करून छापतो. शेवटी नेटवर्कचा टॅब. विनंती सर्व्हरकडे गेली असेल आणि नकार तिकडून आला असेल, तर ब्राउझरमध्ये डोकं फोडून काही निघत नाही.

हे शेवटचं महाराष्ट्राने २०१७ मध्ये फार महागात शिकलं. २४ जूनला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, एकूण ३४ हजार २२ कोटींचा अंदाज. अर्ज मात्र ऑनलाइनच. सर्व्हर रेंगाळत होता, केंद्रांवर रांगा होत्या, मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबर झाली. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली. आणि मग कळलं की याद्यांमध्ये एकाच आधार नंबरपुढे अनेक शेतकऱ्यांची नावं आहेत. बोट बँकांकडे गेलं, आयटी खात्याकडेही गेलं.

फॉर्ममागची स्क्रिप्ट इथे काय पकडू शकते? आधारचा बारावा अंक हा तपासणीचा अंक असतो. डच गणितज्ञ फेरहूफ यांची १९६९ ची पद्धत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर ती हमखास सांगते. पण नंबर धडधाकट असून दुसऱ्याचाच असेल, तर ब्राउझरमधल्या स्क्रिप्टला ते कळायचा मार्गच नाही. तो दोष मागच्या डेटाचा. आणि त्याचा भार पडला तो मजुरी बुडवून केंद्रावर आलेल्या माणसावर. माझ्या मते खरी चूक तिथे होती. जी माहिती बँकेकडे आधीच होती, ती शेतकऱ्याला पुन्हा भरायला लावली.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, मर्यादा दोन लाख. या वेळी अर्जच नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती चढवली आणि २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली. शेतकऱ्याने केंद्रावर जायचं, आपला आधार नंबर आणि कर्जाची रक्कम स्क्रीनवर बघायची, पटलं तर अंगठा लावायचा, आणि नाही पटलं तर तसं तिथेच नोंदवायचं.