सर्व हक्क स्वाधीन

दिवाळीच्या आधी घर झाडण्याची कामे वाटून घेण्याची आमच्या घरी जुनी चाल आहे. पुस्तकांचे कपाट माझ्याकडे असते. हे काम मला मनापासून आवडते. कारण त्यात झाडणे कमी आणि वाचत बसणे जास्त. घरातल्या मंडळींनाही ते ठाऊक आहे, आणि कपाट आवरून होण्याची वाट आता कोणी पाहत नाही.

यंदा दोन पुस्तके एकाच वेळी हातात आली. पहिले माझ्या आप्पामामांचे. मामा तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. 1958 साली त्यांनी मुलांसाठी गोष्टींचे एक पुस्तक लिहिले. त्याच्या दुसऱ्या पानावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे छापले आहे : ‘सर्व हक्क स्वाधीन.’ कोणाच्या स्वाधीन, ते लिहिलेले नाही. दुसरे पुस्तक महात्मा गांधींचे ‘हिंद स्वराज्य’. याचे इंग्रजी भाषांतर 1910 साली गांधींनी स्वतः करून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर नेमके याच्या उलट छापले होते : कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत.

दोन पुस्तके मांडीवर घेऊन मी बसलो, आणि त्या दिवशीचे झाडणे संपले.

‘हिंद स्वराज्या’चा जन्म दिवाळीतच झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. 1909 साली गांधी लंडनमध्ये होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन ते तेथे गेले होते आणि बहुतेक रिकाम्या हातानेच परतणार होते. 24 ऑक्टोबरला तेथील हिंदी मंडळींनी दसरा साजरा केला. अध्यक्ष गांधी होते आणि तात्याराव सावरकरांचे भाषण झाले. एकाच रामायणातून दोघांनी दोन निराळे अर्थ काढले असतील, याची कल्पना वाचकांना करता येईल. दसऱ्यापासून वीस दिवस बोटांवर मोजले की अमावास्या येते. त्याच सुमारास, 13 नोव्हेंबरला, ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर चढून गांधी आफ्रिकेकडे निघाले. मागे देशात घरोघर पणत्या लागल्या होत्या आणि हा गृहस्थ बोटीच्याच कागदांवर झपाटल्यासारखा लिहीत होता. दहा दिवसांत सुमारे पावणेतीनशे पाने झाली. उजवा हात दुखू लागला तेव्हा डाव्या हाताने लिहिले. अशी चाळीसएक पाने आहेत.

पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एक ‘वाचक’ आणि एक ‘संपादक’. वाचक तरुण, तापट आणि बाँबवर विश्वास ठेवणारा. संपादक म्हणजे स्वतः गांधी. हा संपादक कशाकशावर अविश्वास दाखवतो, ते पाहिले म्हणजे आजही दचकायला होते. आगगाडी, वकील, डॉक्टर आणि गिरण्या यांच्याविषयी त्याचे मत वाईट आहे. विलायतेच्या पार्लमेंटबद्दल तर त्याने इतके कडू शब्द वापरले की पुढे एका इंग्रज स्नेही बाईंना त्यातला एक फार खटकला. गांधी नंतर म्हणाले की त्यांच्यासाठी तेवढा एक शब्द मी मागे घेतो. बाकी काही नाही.

आणि वर्तमानपत्रे! इंग्रज मतदाराचे बायबल म्हणजे त्याचे वर्तमानपत्र, असे हा संपादक म्हणतो. एकच माणूस एका पत्रात हरिश्चंद्राचा अवतार असतो आणि दुसऱ्या पत्रात लबाडांचा राजा. आज हे वाक्य वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि खिशातला दूरध्वनी या चौघांनाही जसेच्या तसे लावता येते. विशेष हे की ते म्हणणारा स्वतः वर्तमानपत्र चालवीत होता.

येथे आपल्यापैकी चौकस वाचक विचारील, की बाबा रे, यंत्राविरुद्ध बोलतोस, मग तुझे पुस्तक छापले कशावर? पुस्तकातल्या वाचकानेही हेच विचारले आहे. संपादकाचे उत्तर असे, की कधी कधी विषावर विषाचाच उतारा लागतो. मला हे उत्तर बरीच वर्षे पळवाटेसारखे वाटे. पुढे ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा वाचताना त्यातल्या एका रात्रीची हकिकत लक्षात राहिली आणि माझे मत थोडे बदलले.

1904 साली गांधींनी आपला छापखाना दरबान शहरातून उचलून फिनिक्सच्या माळावर नेला. यंत्र चालवायला तेलाचे एंजिन होते. गांधींचा त्यावर पुरता भरवसा नव्हता. हाताने चालेल असे काहीतरी जवळ असू द्या, असे त्यांनी सहकारी वेस्ट यांना सांगून ठेवले होते. म्हणून वेस्टनी एक मोठे चाक बसवून घेतले होते. तेथून ‘इंडियन ओपिनियन’चा पहिला अंक निघायच्या रात्रीच एंजिनाने संप केला. वेस्टच्या डोळ्यांत पाणी आले. दिवसभर राबून झोपलेल्या सुतारांना उठवले गेले. चौघे चौघे मिळून पाळीपाळीने चाक फिरवू लागले. सकाळ झाली आणि अंक वेळेवर निघाला. सकाळी पुन्हा हात लावला तर एंजिन निमूट सुरू झाले!

या माणसाचा यंत्रावरचा संशय हा असा होता. यंत्र नको असे तो म्हणत नव्हता. ते बसले तर चाकाला हात लावणारी माणसे जवळ आहेत ना, एवढे तो विचारीत होता. 1924 साली त्यांना कोणी छेडले, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. सिंगरने ते बायकोचे टाचण्याचे कष्ट पाहून केले असे ते म्हणाले, आणि म्हणून ते त्यांना मान्य होते. यंत्र कोणाच्या प्रेमापोटी झाले आणि कोणाच्या लोभापोटी, ही त्यांची कसोटी. कारखानदाराला ती हास्यास्पद वाटेल. शिंप्याला वाटणार नाही.

पुस्तक 1909 च्या डिसेंबरात ‘इंडियन ओपिनियन’च्या गुजराती भागात आले, जानेवारीत स्वतंत्र निघाले आणि मार्चमध्ये मुंबई सरकारने ते जप्त ठरवले. त्याचे उत्तर म्हणून गांधींनी घाईने इंग्रजी भाषांतर केले आणि त्यावर हक्क राखलेला नसल्याचे छापले. याचा साधा अर्थ असा, की एका ठिकाणी जाळलेत तर शंभर ठिकाणी छापले जाईल. परवानगी मागायला कोणी माझ्या दारात येण्याचे कारण नाही. हक्क सोडणे हे येथे नुसते औदार्य नव्हते. ती एक लढाऊ युक्ती होती.

त्याच बोटीवर गांधींनी आणखी एक काम केले होते. टॉल्स्टॉयचे हिंदी लोकांविषयीचे पत्र त्यांनी गुजरातीत उतरवले. टॉल्स्टॉयनेही 1891 साली आपल्या 1881 नंतरच्या लिखाणावरचा हक्क जाहीरपणे सोडला होता. त्यापायी त्याच्या घरात जे रणकंदन झाले, ते सर्वश्रुत आहे. बायकोचे म्हणणे, मुलाबाळांनी खायचे काय? ऋषी जगाचे कल्याण करतो आणि वाण्याची उधारी ऋषिपत्नीला भागवावी लागते. टॉल्स्टॉयच्या बाईंना इतिहासाने फार कठोरपणे वागवले, असे मला वाटते. पुढे हद्दपार होऊ पाहणाऱ्या दुखोबोर पंथीयांना मदत हवी होती, तेव्हा ‘रिझरेक्शन’ कादंबरीचे पैसे टॉल्स्टॉयने घेतलेच. म्हणजे प्रश्न पैसे घेण्याचा नव्हता. कोणासाठी घ्यायचे याचा होता.

आमच्या पुण्याचा या पुस्तकाशी एक संबंध आहे, तोही सांगून टाकतो. 1912 साली गोपाळराव गोखले आफ्रिकेत गेले, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यांना ते इतके कच्चे वाटले की ते म्हणाले, हिंदुस्थानात एक वर्ष काढल्यावर गांधी स्वतःच ते नष्ट करून टाकतील. गोखल्यांचे पुष्कळ अंदाज खरे ठरले. हा मात्र साफ चुकला.

पण सगळ्यात गंमत झाली ती मुंबईत. 6 एप्रिल 1919. रौलट कायद्याविरुद्ध हरताळ होता आणि संध्याकाळी जप्त पुस्तके उघड विकून कायदा मोडायचा, असे ठरले होते. गांधी आणि सरोजिनीबाई नायडू मोटारींतून विकायला निघाले. ‘हिंद स्वराज्या’ची किंमत चार आणे; पण चार आण्यांना घेणारा क्वचितच. लोक खिशात असेल ते देत होते. एकाने तर एका प्रतीचे पन्नास रुपये दिले. तुरुंगात जाण्याची तयारी करून सगळे बसले, आणि सरकारने काय करावे? सरकार म्हणाले, ही तर नवी छपाई आहे. जप्त झाली ती जुनी आवृत्ती. तेव्हा गुन्हाच घडलेला नाही! प्रत म्हणजे मूळ पुस्तक की दुसरेच काही, या प्रश्नावर विद्वानांनी मोठमोठे खटले लढवले आहेत. आपल्या सरकारने तो एका संध्याकाळी सोयीप्रमाणे सोडवून टाकला. सत्याग्रहींची मात्र निराशा झाली.

आता मामांच्या पुस्तकाकडे येतो.

मामांनी ते पुस्तक सव्वाशे रुपयांना विकले. एकदाच, कायमचे. प्रकाशकाने पुढे सात आवृत्त्या काढल्या. एकदा मामांच्याच शाळेची स्मरणिका निघायची होती आणि मुलांनी त्यातली एक गोष्ट मागितली. मामांनी रीतसर पत्र टाकले. परवानगी आली, तिच्याबरोबर दहा रुपये भरण्याची सूचनाही आली. स्वतःची गोष्ट स्वतःच्या शाळेत छापण्यासाठी मामांनी दहा रुपयांची मनीऑर्डर केली. तिची पावती अजून पुस्तकात आहे.

मी कॉलेजात असताना तावातावाने म्हणालो होतो, “मामा, हक्क विकलेतच का?”

ते शांतपणे म्हणाले, “अरे, त्या महिन्यात तुझ्या मामीचा दमा उसळला होता. सव्वाशे रुपये म्हणजे काय होते, ते तुला नाही कळायचे.”

गांधींनी हक्क सोडला आणि मामांनीही सोडला. पण एकाने दिला आणि दुसऱ्याकडून घेतला गेला. दान आणि अडलेल्याची विक्री यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘लेखकाचे रक्षण’ असे ज्या कायद्याला म्हणतात, त्याने मामांचे रक्षण केले नाही. ज्याने त्यांच्याकडून विकत घेतले, त्याचे केले. म्हणून कोणी मोठा व्यापारी व्यासपीठावरून कलावंतांच्या हक्कांसाठी गळा काढू लागला, की मला ती दहा रुपयांची पावती आठवते. आणि कोणी फुकट्या म्हणू लागला की ज्ञान सर्वांचे आहे, तेव्हा मामीचा दमा आठवतो. हल्लीची यंत्रे तर लाखो लोकांचे लिखाण पोटात घालून स्वतःच लिहू लागली आहेत. तेथेही मी हेच विचारतो : दिले की घेतले?

गांधींनाही हे अवघड वाटले असले पाहिजे. 1926 साली त्यांनी लिहिले, की आपल्या पत्रांतले लिखाण सर्वांचे आहे. हा हक्क काही निसर्गाने दिलेला नाही, आधुनिक संस्था आहे. काही मर्यादेपर्यंत ती इष्टही असेल. त्या शेवटच्या पुस्तीत त्यांच्यातला बॅरिस्टर दिसतो. 1940 साली मृत्युपत्र करून त्यांनी आपल्या लिखाणाचे हक्क नवजीवन संस्थेला दिले. मिळकत सार्वजनिक कामाला जावी म्हणून.

पुढची कथा नियतीने विनोद म्हणून लिहिली असावी. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे हक्क राहत असे. रवींद्रनाथ 1941 साली गेले. म्हणजे 1991 अखेर त्यांचे साहित्य मोकळे होणार होते. विश्वभारतीचे उत्पन्न बुडेल म्हणून ओरड झाली आणि ऐन वेळी मुदत वाढवून 60 वर्षे करण्यात आली. 1992 साली कायदा झाला तो सर्वांनाच लागू. त्यामुळे ज्याने पुस्तकावर ‘हक्क राखलेले नाहीत’ असे छापले, त्या गांधींच्या लिखाणावरचा हक्कही आपोआप 10 वर्षांनी वाढला! 1998 अखेर जे मोकळे व्हायचे, ते 2008 अखेर झाले. नवजीवनने मात्र आणखी मुदत मागितली नाही. 1 जानेवारी 2009 पासून गांधी सर्वांचे झाले. म्हणजे जसे त्यांना व्हायचे होते तसे, फक्त 99 वर्षे उशिरा.

मामा 1979 साली वारले. हिशेबाने त्यांचे पुस्तक 2039 अखेर मोकळे होईल. तो प्रकाशक आता नाही, दुकान नाही, वारस कोण याचा पत्ता नाही. परवानगी मागावी तर कोणाकडे? प्रत एकच उरली आहे आणि तिची पाने उलटताना कडा तुटतात. माझ्या वयाच्या माणसाने 2039 ची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

म्हणून मी एक दोनशे पानी वही आणली आहे. धाकट्या नातीसाठी मामांच्या गोष्टी हाताने उतरवून काढतो आहे. घरच्या वाचनासाठी लिहून घ्यायला कोणाचा मज्जाव नाही. पहिली गोष्ट वसुबारसेला झाली, दुसरी पाडव्याला. हात दुखतो, डाव्या हाताने लिहिण्याची विद्या मला नाही. मग नात म्हणते, “आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते,” आणि पेन ओढून घेते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. पहिल्या पानावर मामांचे पूर्ण नाव मी ठळक अक्षरांत घातले आहे. तेवढे मात्र कधीच कोणाला विकलेले नव्हते.

तुळशीच्या लग्नापर्यंत आणखी तीन गोष्टी होतील, असा अंदाज आहे. कपाट अर्धेच आवरून झाले आहे.