तळटीप १७ : टॅबर्नॅकल चर्च
१७. टॅबर्नॅकल चर्च : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम या बंदरातले. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाच्या पहिल्या पाच मिशनऱ्यांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी येथे गुरुदीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने वारले. वर उल्लेखलेला ‘आठवड्याचा सेंट’ ही न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांतल्या स्त्रियांच्या सभांची मिशनकार्यासाठीची वर्गणी : प्रत्येकीकडून दर आठवड्याला एक सेंट. मिशनऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली; घरखर्चातून हा सेंट बाजूला काढणाऱ्या स्त्रियांची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. — संपा.