शिरपूर ते स्टेट कॉलेज : गुरुत्वाकर्षणाच्या एका संस्थेची गोष्ट



पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागी, डोंगररांगांत एक गाव आहे. गावाचं नावच स्टेट कॉलेज. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठात आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी शिकलेलं असतंच. याच विद्यापीठात गुरुत्वाकर्षणावर संशोधन करणारी एक नामांकित संस्था आहे. ती उभी करणारे शास्त्रज्ञ आपल्या खानदेशातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मले. त्यांचं नाव अभय अष्टेकर.

प्रश्न काय होता, ते आधी पाहू. आइन्स्टाइन म्हणाले, गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांना आलेला बाक. म्हणजे ही भूमितीच झाली. पण अणूंच्या जगाचे नियम वेगळे. तिथे ऊर्जासुद्धा कणाकणानं मिळते. या दोन्ही सिद्धांतांचं एकमेकांशी जमेना. १९८६ मध्ये, सिराक्यूज विद्यापीठात असताना, अष्टेकरांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली आणि एक वाट मोकळी झाली. लांबून अखंड दिसणारं लुगडं जवळून पाहिलं की धागे दिसतात. तसंच अवकाशही बारीक धाग्यांनी विणलेलं असावं, अशी कल्पना त्या वाटेवर पुढे आली.

१९९३ मध्ये पेन स्टेटनं त्यांना बोलावलं आणि गुरुत्वीय भौतिकी व भूमितीचं केंद्र सुरू झालं. ली स्मोलिन, होर्हे पुलिन हे शास्त्रज्ञही तिथे आले. सुरुवातीची मुख्य सामग्री म्हणजे फळा, खडू आणि वाद घालायला माणसं!

पण नुसत्या समीकरणांवर संस्था थांबली नाही. २००१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मदतीनं तिथे गुरुत्वीय लहरींसाठी स्वतंत्र केंद्र निघालं. २००६ मध्ये अष्टेकर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं, की या सिद्धांताप्रमाणे महास्फोट ही सुरुवात नसून आधीच्या आकुंचनानंतरची उसळी असू शकते. २००७ मध्ये संस्थेचं नावही बदललं. नव्या नावात गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला विश्व आलं.

आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. त्या जागतिक चमूत पेन स्टेटचे संशोधकही होते. केंद्र सुरू झाल्याला तेव्हा २२ वर्षं झाली होती!

अवकाशाच्या धाग्यांना मात्र प्रयोगाचा पुरावा अजून मिळालेला नाही. तरी काम चालू आहे.

मंडळी, आपण परदेशात आलो ते बहुतेक नोकरीसाठी. त्यामुळे मुलगी म्हणाली, "मला भौतिकशास्त्र शिकायचंय," की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "पुढे काय?" प्रश्न चुकीचा नाही. पण काही उत्तरांना एक पिढी लागते, आणि तेवढं थांबणारी माणसं व त्यांना थांबू देणारी जागा लागते. विद्यापीठं बघायला मुलांना घेऊन स्टेट कॉलेजला जाल, तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!